आल्पाइन विभंग

आल्पाइन विभंग हा न्यू झीलंडच्या दक्षिण बेटावरील सक्रिय विभंग असून पॅसिफिक व ऑस्ट्रेलियन या भूपट्टांची सीमा त्यावरून जाते. सदर्न आल्प्स ही पर्वतरांग या विभंगावरील हालचालींमुळे उंचावते आणि भूमिपातांमुळे जवळपास त्याच वेगाने झिजते.

हालचाल

विभंगाच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांच्या तुलनेत वर्षाला सरासरी सुमारे २७ मिमी आडवे सरकतात. एकेकाळी सलग असलेले खडक आज नेल्सन व ओटागो या प्रदेशांत सुमारे ४८० किमी अंतरावर आढळतात, हे भूवैज्ञानिक हॅरोल्ड वेलमन यांनी १९४० च्या दशकात दाखवले. ही हालचाल सतत होत नाही. साठलेला ताण सरासरी ३०० वर्षांनी मोठ्या भूकंपाद्वारे मोकळा होतो. असा शेवटचा भूकंप १७१७ च्या सुमारास झाला. त्याचा काळ झाडांच्या वाढवलयांवरून ठरवता आला.

आडव्या हालचालीबरोबर पूर्वेकडील बाजू वरही उचलली जाते. रांगेच्या मध्यभागी हा वेग वर्षाला १० मिमीपर्यंत आहे, म्हणजे दहा लाख वर्षांत १० किमी. तरीही सर्वोच्च शिखर आओराकी (माउंट कुक) ३,७२४ मीटरच आहे. उरलेला डोंगर कोठे गेला, याचे उत्तर मुख्यतः भूमिपातांत आहे.

भूमिपात

पश्चिमेकडील वाऱ्यांमुळे या उतारांवर काही ठिकाणी वर्षाला १० मीटरहून अधिक पाऊस पडतो. नद्या दऱ्या खोल कापतात, उतार खडकाला पेलवणार नाहीत इतके तीव्र होतात आणि दरडी कोसळतात. नील्स होव्हियस व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये पश्चिम उतारांवरील भूमिपातांमुळे होणारी झीज वर्षाला सुमारे ९ मिमी असल्याचे मांडले. हा आकडा उत्थानाच्या वेगाच्या किती जवळ आहे, हे लक्षणीय आहे.

प्रत्येक वेळी भूकंपच लागतो असे नाही. १४ डिसेंबर १९९१ रोजी आओराकीचा माथा भूकंप वा अतिवृष्टीविना कोसळून सुमारे १० मीटरने खचला. ६ ऑक्टोबर १९९९ रोजी माउंट ॲडम्सवरील दरडीने पोएरुआ नदी अडवली. हा नैसर्गिक बांध सहा दिवसांनी फुटला. मात्र खरे नुकसान नंतर झाले. वाहून आलेल्या गाळाने पात्र उंचावले व नदी शेतजमिनींत शिरली.

पुढील ५० वर्षांत विभंगावर मोठा भूकंप होण्याची शक्यता २०२१ च्या एका अभ्यासात सुमारे ७५ टक्के वर्तवण्यात आली. फ्रान्झ जोसेफ हे पर्यटकांचे गाव थेट विभंगरेषेवर वसले असून शेजारच्या वाइहो नदीचे पात्र आजच गाळाने भरत चालले आहे.