विश्लेषण : मोबाइल दुरुस्तीच्या टेबलावरचा ‘डीसी सप्लाय’च बिघडला तर?

पनवेलमधल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कारागिराच्या टेबलावर नॉब आणि आकडे असलेली पेटी दिसते. हा ‘डीसी सप्लाय’. बॅटरी काढून फोन पेटीला जोडायचा, ४ व्होल्टच्या आसपास वीज द्यायची आणि फोन किती करंट ओढतो यावरून दोष शोधायचा. मात्र पेटीच बिघडलेली असेल, तर गिऱ्हाइकाचा बोर्ड जळू शकतो.

फोन जोडताच व्होल्टेज पडते, म्हणजे पेटी बिघडली का?

लगेच तसे समजू नका. एक नॉब करंटची मर्यादा ठरवतो. तो शून्याजवळ राहिला, तर फोन जोडताच व्होल्टेज कोसळते आणि बऱ्याच पेट्यांवर ‘सीसी’ दिवा लागतो. हा बिघाड नव्हे. पेटी मुळीच चालू होत नसेल, तर आधी प्लग, वायर आणि फ्यूज पाहावा. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर आत शॉर्ट असण्याची शक्यता मोठी. जास्त अॅम्पिअरचा फ्यूज घालणे हा शुद्ध वेडेपणा. जुने कारागीर अशा वेळी १०० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावतात. बल्ब क्षणभर चमकून मंदावला तर ठीक, पूर्ण तेजाने पेटतच राहिला तर शॉर्ट.

सर्वांत घातक बिघाड कोणता?

ट्रान्सफॉर्मरच्या जड पेटीत आउटपुट ट्रान्झिस्टर (जुन्या पेट्यांत बहुधा २एन३०५५) शॉर्ट होणे. मग नॉब ४ व्होल्टवर असला, तरी ३० व्होल्टच्या पेटीतून ३०हून अधिक व्होल्ट बाहेर पडू शकतात. म्हणून शंका येताच फोन न जोडता, वेगळ्या मल्टिमीटरने मोजावे. नॉब हळू फिरवताना आकडा उड्या मारत असेल, तर आतला पोटेंशिओमीटर झिजलेला किंवा गंजलेला असतो. खाडीकाठची दमट हवा त्याला मानवत नाही. लोड दिल्यावरच व्होल्टेज डळमळत असेल, तर फिल्टर कॅपॅसिटर तपासावा.

पेटी उघडण्यात धोका काय?

हलक्या एसएमपीएस पेटीत २३० व्होल्टच्या मेनपासून सुमारे ३२५ व्होल्ट डीसी तयार होतात आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये साठून राहू शकतात. स्क्रू ड्रायव्हरने टोके जोडून ठिणगी काढण्याची सवय वाईट. २ किलोओम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींनी काही सेकंद लावावा, मल्टिमीटरने पुन्हा मोजावे आणि आकडा शून्याजवळ आल्यावरच हात घालावा. नवशिक्याने फ्यूज आणि वायरींपाशीच थांबलेले बरे.