श्रद्धा, तर्क आणि मेणाच्या पाट्या

ख्रिस्ती धर्मशास्त्रांत श्रद्धा व तर्क यांचा संबंध काय, हा प्रश्न निघाला कीं नॉर्मंडींतील बेक मठाच्या अन्सेल्माकडे वळावें लागतें. त्याच्या ‘प्रॉस्लोगिओन’ (इ. स. १०७७-७८) या लहानशा लॅटिन ग्रंथाचें पहिलें नांव ‘ज्ञानाचा शोध घेणारी श्रद्धा’ असें होतें. ज्याहून थोर कांहीं कल्पितांच येत नाहीं तो ईश्वर; तो केवळ मनांतच असता तर प्रत्यक्ष असणारा त्याहून थोर ठरता, हें अनुमान तेथें प्रार्थनेच्या रूपानें मांडिलें आहे. चरित्रकार ईडमर सांगतो कीं, मूळ खर्डा मेणाच्या पाट्यांवर होता. तो हरवला, दुसरा फुटलेला सांपडला, तेव्हां तुकडे जुळवून मजकूर चर्मपत्रावर उतरविला. (आमच्या पोथीसंग्राहकांस ही व्यथा परकी नाहीं!)

पुढें गॉनिलो नामक मठवासीयानें आक्षेप घेतला: सर्वोत्कृष्ट बेट कल्पिल्यानें तें समुद्रांत असल्याचें सिद्ध होत नाहीं. अन्सेल्मानें उत्तर लिहिलें, आणि आक्षेप व उत्तर दोन्ही ग्रंथास जोडून नकलावीं अशी आज्ञा केली. श्रद्धेचें अग्रस्थान तो सोडीत नाहीं, तर्कास भीतहि नाहीं. आपल्याकडे पूर्वपक्ष बहुधा खंडनकर्त्याच्याच शब्दांत उरतो. म्हणून मला ही आज्ञा मूळ अनुमानाहूनहि मोलाची वाटते. या ग्रंथाची प्रत हातीं आल्यास शेवटचीं हीं दोन प्रकरणें शाबूत आहेत कीं नाहींत, तें आधीं पाहावें.