ताप उतरला, पण परजीवी गेला का?

पावसाळ्यात भिवपुरीच्या डोंगरातून ओहोळ वाहू लागतात, भातखाचरांत पाणी साचते. अशा स्वच्छ, संथ पाण्यात ॲनॉफिलीस डासाची मादी अंडी घालते. तिच्याच दंशातून हिवतापाचा परजीवी माणसाच्या शरीरात शिरतो.

हा परजीवी, म्हणजे प्लाझ्मोडियम, जीवाणू नव्हे. आपल्या पेशींप्रमाणेच त्याच्या एका पेशीत केंद्रक असते. १८८० साली लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टराने तो रुग्णाच्या रक्तात प्रथम पाहिला. परंतु डास चावल्यापासून रक्तात दिसेपर्यंत तो असतो कोठे? शॉर्ट व गार्नहॅम यांनी १९४८ मध्ये दाखवून दिले, की तो आधी यकृतात वाढतो. व्हायव्हॅक्स जातीचे काही परजीवी तर तेथे कित्येक महिने निद्रिस्त राहतात.

व्हायव्हॅक्सच्या हिवतापात क्लोरोक्वीन रक्तातील परजीवी मारते व ताप उतरतो. यकृतातील परजीवी मात्र वाचतात आणि पुढे पुन्हा ताप आणतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्वीन सामान्यतः १४ दिवस देतात. ते काहींना बाधते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्यावरच घ्यावे.

आता सांगा, अंग थंड लागताच गोळ्या सोडणाऱ्या मित्राला तुम्ही कसे समजवाल?