तापी : नदी नव्हे, माणूस!

गेल्या महिन्यात नातवाने विचारले, "आजोबा, मॅच विकत घेणारा माणूस मंत्री होऊ शकतो?" मी म्हटले, "बाळा, उलटे विचार. मंत्री झालेला माणूस मॅच विकत घेऊ शकतो का?" आणि मग त्याला बर्नार तापीची गोष्ट सांगितली.

१९४३ साली पॅरिसमध्ये एका कामगाराच्या घरी तापी जन्मला. तरुणपणी गाणी गायली, पण जम बसला नाही. मग त्याने डबघाईला आलेल्या कंपन्या स्वस्तात घ्यायच्या, सावरायच्या आणि विकायच्या असा धंदा मांडला. त्याच्या सायकल संघातून खेळताना इनोने १९८५ मध्ये आणि लेमाँडने १९८६ मध्ये 'टूर द फ्रान्स' जिंकली. १९८६ मध्ये त्याने मार्सेचा फुटबॉल क्लब हाती घेतला, १९९० मध्ये आदिदास कंपनी. १९८९ मध्ये तो खासदार झाला आणि १९९२ मध्ये मित्तराँच्या राजवटीत मंत्री. तुम्हीच सांगा, आणखी काय हवे?

हवा होता युरोपचा चषक. २६ मे १९९३ रोजी म्युनिकमध्ये बाझिल बोलीच्या हेडरवर मार्सेने मिलानला १-० हरवले. चषक जिंकणारा तो पहिला फ्रेंच क्लब. गाव नाचले!

पण त्याआधी सहाच दिवस मार्सेची वालांसिएनशी लीगची मॅच झाली होती. फायनलआधी आपले खेळाडू जायबंदी होऊ नयेत म्हणून समोरच्यांनी जपून खेळावे, यासाठी पैसे देण्यात आले. अडीच लाख फ्रँक एका खेळाडूच्या नातेवाइकाच्या बागेत पुरलेले सापडले.

"रोक्का परसात पुरला?" नातू हसला. मी मात्र हसलो नाही.

कारण पैसे नाकारून सत्य बोलणारा झाक ग्लासमन हा वालांसिएनचाच खेळाडू होता. मैदानामैदानांत त्याची हुर्यो उडवली गेली. पुढे १९९५ मध्ये फिफाने त्याला 'फेअर प्ले' पुरस्कार दिला. मार्सेचे १९९३ चे लीग विजेतेपद गेले, १९९४ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत ढकलला गेला आणि १९९७ मध्ये तापी तुरुंगात गेला.

बाहेर आल्यावर तो रंगभूमीवर उतरला. आदिदासच्या विक्रीवरून बँकेशी झालेल्या वादात २००८ मध्ये लवादाने त्याला सुमारे ४० कोटी युरो दिले. २०१५ मध्ये न्यायालयाने तो निवाडा रद्द करून पैसे परत करायला सांगितले. ३ ऑक्टोबर २०२१ रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले. मार्सेने त्याला आपला माणूस म्हणूनच निरोप दिला.

"मग हीरो कोण, आजोबा?"

मी म्हटले, "चषक तापीने आणला, हे खरेच. पण शाळेच्या संघात तुझ्या शेजारी कोण उभा असावा, ते तू ठरव."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "ग्लासमन. पण त्याला कोणी हुर्यो करायला नको."

ते मात्र आपल्या हातात आहे, प्रेक्षकांच्या.