शर्यतीच्या आदल्या दिवशी पाय राखा!

पोलीस भरतीची तारीख लागली की पिंपळनेरची पहाट लवकर उजाडते. साक्री रस्त्याला, सामोड्याच्या बाजूला अंधारातच बुटांचे आवाज येऊ लागतात. मुलांना १६०० मीटर धावायचे असते, मुलींना ८०० मीटर. एखाद्याची २१ किलोमीटरच्या अर्ध-मॅरेथॉनची तयारी चाललेली असते. तीन-चार महिने ही मुले नेटाने सराव करतात आणि नेमके आदल्या दिवशी घोळ घालतात.

रिकामा दिवस खायला उठतो

रोज धावणाऱ्याला विश्रांतीचा दिवस फार जड जातो. पाय जड वाटतात. काल नसलेले गुडघ्याचे दुखणे आज जाणवते. ‘सराव बुडाला, ताकद गेली’ असे मनात येते. मग संध्याकाळी ‘जरा पाहू तरी’ म्हणून गडी दोन फेऱ्या मारून येतो, त्याही घड्याळ लावून!

वाचकहो, यामागचे शास्त्र सोपे आहे. आपण खाल्लेल्या भाकरी-भातातील साखर ग्लायकोजनच्या रूपात साठते. स्नायूंत साधारण ३०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम. प्रत्येक ग्रॅमसोबत जवळपास तीन ग्रॅम पाणीही साठते. विश्रांतीच्या दिवशी हा साठा भरतो, म्हणून वजन किलोभर वाढू शकते आणि अंग जड वाटते. कणगी भरली की ती जड होणारच! ही ताकद गेल्याची नव्हे, साठल्याची खूण आहे.

उलट, आजच्या धावण्याचा फायदा शरीरात उतरायला आठवडा-दहा दिवस लागतात. उद्याच्या शर्यतीत त्यातला थकवा तेवढा सोबत येतो. १६०० मीटरला साठा कमी पडत नाही हे खरे, पण दमलेले पाय तिथेही दगा देतात.

मोठ्यांनाही एकच दिवस

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेस धावली. १३ ऑगस्टला प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा राष्ट्रीय विक्रम केला. अंतिम फेरी होती १५ ऑगस्टला. त्यात ती दहावी आली. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा अविनाश साबळे २०२४ साली पॅरिसला ५ ऑगस्टला प्राथमिक फेरी धावला आणि ७ ऑगस्टला अंतिम. पहिल्या फेरीत त्याला ८ मिनिटे १५.४३ सेकंद लागले, अंतिम फेरीत ८ मिनिटे १४.१८ सेकंद. दोघांनाही मध्ये एकच दिवस मिळाला. एका दिवसात नवी ताकद कमावता येत नाही. खर्च झालेली तेवढी भरून काढता येते.

आदल्या दिवशी काय करावे?

१) अगदीच चैन पडत नसेल तर पंधरा-वीस मिनिटे सावकाश चाला. घड्याळ घरी ठेवा.

२) रोजचेच जेवण घ्या. भात, मुगाची खिचडी, भाकरी, केळी चालतील. झणझणीत शेवभाजी शर्यतीनंतर खा. उपवास नको.

३) तहानेप्रमाणे पाणी प्या. लघवी फिकट पिवळी असली की पुरे. तांब्यावर तांबे रिचवल्याने रक्तातील मीठ उतरते, तेही घातक.

४) नवे बूट, नवी पावडर, नवे औषध नको. दुखेल या भीतीने डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी घेऊ नका. पाणी कमी पडलेल्या अंगात ती मूत्रपिंडाला इजा करू शकते.

५) त्या रात्री झोप लागली नाही तर घाबरू नका. एका रात्रीच्या जागरणाने पाय अडत नाहीत. त्याआधीच्या दोन-तीन रात्री मात्र पुरेपूर झोपा.

६) रात्रीच्या एस.टी.ने जाऊन स्टँडवर पडण्यापेक्षा दिवसाउजेडी पोहोचा, नातेवाइकाकडे उतरा.

ताकदीची सलाईन

‘डॉक्टर, उद्या भरती आहे, एक सलाईन लावून द्या,’ ही मागणी आम्हा डॉक्टरांच्या ओळखीची आहे. पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साखर असते अवघी २५ ग्रॅम. तेवढी जोंधळ्याच्या एका भाकरीत सहज मिळते! शिवाय सुई टोचल्याने जंतुसंसर्गाचा धोका. उत्तेजकविरोधी नियमांनुसार तर खेळाडूला वैद्यकीय गरजेशिवाय बारा तासांत १०० मिलिलिटरहून अधिक सलाईन घ्यायला बंदीच आहे. रक्त कमी असेल तर उपाय दोन-तीन महिने आधी करायचा. तहान लागल्यावर विहीर खोदून भागत नाही.

कोणी धावू नये?

ताप, जुलाब, उलट्या असतील किंवा धावताना छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, तर धावू नका, तपासून घ्या. जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवारांचे प्राण गेले, हे विसरू नका.

आपल्या आदिवासी पट्ट्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची : सिकलसेल. आई-बाप दोघांकडून दोष आलेल्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय शर्यतीत उतरू नये. एकाकडूनच दोष आलेला ‘वाहक’ एरवी ठणठणीत असतो. त्याने भरतीला जाऊ नये असे मुळीच नाही. मात्र उन्हात, पाणी न पिता, दम न घेता जिवाच्या आकांताने धावल्यास त्याचे स्नायू आतून तुटू लागतात. मांड्या-कंबर दुखून पायांतले त्राण गेले, तर तिथेच थांबावे आणि हजर अधिकाऱ्यांना सांगावे. रक्ताची साधी तपासणी सरकारी दवाखान्यात होते. सराव सुरू करतानाच ती करून घ्या.

शेवटी घरच्यांना एक विनंती. पोराची भरती उद्या असेल आणि शेतावर वीज रात्रीची असेल, तर मोटार चालू करायला आज दुसऱ्या कुणाला तरी पाठवा.