स्कॉटिश कथागीतांची हस्तलिखिते व त्यांचे जतन

स्कॉटलंडमधील 'बॅलड' म्हणजे गाऊन सांगितलेली कथा. प्रस्तुत लेखात तिला 'कथागीत' म्हटले आहे. हे वाङ्मय पिढ्यानुपिढ्या मुख्यतः मुखपरंपरेने चालत आले आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून ते लिहून घेण्याच्या कार्यास जोर चढला. आज ते छापील संग्रहांत आहे, तसेच त्या संग्रहांच्या पाठीमागील हस्तलिखित बाडांतही आहे. गीते छापून निघाली असताना जीर्ण बाडे कशासाठी सांभाळावयाची, अशी शंका कोणासही यावी. तिचे उत्तर या बाडांच्या इतिहासातच सापडते. छापील पाठ हा पुष्कळदा संपादकाचा असतो. गाणाऱ्याचा पाठ शोधावयाचा तर हस्तलिखिताकडेच जावे लागते.

आरंभीच्या संग्राहकांत डेव्हिड हर्ड याचे स्थान मोठे आहे. एडिंबरोतील एका हिशेबनिसाच्या कचेरीत कारकुनी करणाऱ्या या गृहस्थाने १७६९ मध्ये स्कॉटिश गीतांचा संग्रह प्रसिद्ध केला; १७७६ मध्ये त्याची वाढविलेली आवृत्ती दोन खंडांत निघाली. त्रुटित गीत त्रुटितच ठेवावे, पदरचे चरण घालून ते पुरे करू नये, हा त्याचा विशेष. त्याची हस्तलिखिते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

सर वॉल्टर स्कॉट याने हर्डच्या बाडांचा उपयोग केला, परंतु त्याची वृत्ती निराळी होती. सीमाप्रदेशातील गीतांचा त्याचा प्रख्यात संग्रह १८०२-०३ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला. एकाच गीताचे अनेक पाठ हाती आले म्हणजे त्यांतील उत्तम चरण निवडून तो एक सुंदर पाठ सिद्ध करी. रसिकांना तो आवडला, पण तसा पाठ कोणाही गायकाने कधी गाइलेला नव्हता. कवी जेम्स हॉग याच्या आईने स्कॉटला गीते ऐकविली होती. ती गाण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हे, आणि छापल्यामुळे त्यांचा नाश झाला, असे तिने स्कॉटला बजावल्याची हकीकत हॉगने नमूद केली आहे. तथापि स्कॉटने जमविलेले मूळ कागद सुदैवाने राहिले. अ‍ॅबट्सफर्ड येथील त्याच्या घरी असलेली ही सामग्री पुढे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आली. तिच्याशी छापील पाठ ताडून पाहिला असता स्कॉटचा हात कोठे फिरला ते पुष्कळ ठिकाणी दाखविता येते. जेथे असा कागद नाही, तेथे निर्णय अडतो. 'किन्माँट विली' या गीतात परंपरेचे किती व स्कॉटचे किती, हा वाद याच कारणामुळे मिटलेला नाही.

पेझ्ली येथे न्यायालयीन कारभारात असलेल्या विल्यम मदरवेल याने १८२५ मध्ये स्कॉटशी पत्रव्यवहार केला. अनेक पाठांतून एक पाठ घडविण्यात आपले चुकले, असे स्कॉटने त्यास उत्तरी कळविले. मदरवेलने हा बोध मनावर घेतला. किलबार्कन गावच्या अ‍ॅग्नेस लाइलसारख्या गायिकांकडून गीते घेताना तो गायिकेचे नाव व गाव टिपून ठेवू लागला. ग्लासगो विद्यापीठाच्या ग्रंथालयातील त्याच्या बाडावरून एकेका गायिकेचे गीतभांडार आज स्वतंत्रपणे अभ्यासता येते. १८२७ च्या त्याच्या छापील ग्रंथावरून तसे करता आले नसते.

अ‍ॅना गॉर्डन, म्हणजेच फॉकलंडच्या मिसेस ब्राउन, यांचे उदाहरण याहून उद्बोधक आहे. अ‍ॅबर्डीनच्या एका प्राध्यापकाच्या या सुशिक्षित कन्येने बालपणी आई, मावशी व घरातील जुनी मोलकरीण यांच्याकडून गीते आत्मसात केली होती. १७८३ मध्ये तिच्या भाच्याने तिच्याकडून २० गीते उतरून घेतली. त्याच वर्षी १५ गीतांचे दुसरे बाड चालींसह सिद्ध झाले. आणि १८०० मध्ये आणखी ९ गीते लिहिली गेली. 'द लास ऑफ रॉक रॉयल' हे गीत पहिल्या व शेवटच्या अशा दोन्ही वेळच्या लेखनात आहे, आणि दोन पाठ एकसारखे नाहीत. गायिका प्रत्येक वेळी गीत नव्याने रचीत होती, असे मत डेव्हिड ब्यूकन यांनी १९७२ मध्ये मांडले. पाठांतरातील हा स्वाभाविक फरक होय, असे इतरांचे म्हणणे. पक्ष कोणताही असो, हा वाद संभवतो तो दोन्ही बाडे टिकली म्हणूनच. एक पाठ 'प्रमाण' मानून दुसरा टाकून दिला असता, तर प्रश्नही उरला नसता.

हार्वर्डचे फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांनी हे तत्त्व ओळखले होते. १८८२ ते १८९८ या काळात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या महाग्रंथात इंग्लिश व स्कॉटिश मिळून ३०५ कथागीते आहेत, आणि प्रत्येकाचे उपलब्ध पाठ वेगवेगळे दिले आहेत. त्यासाठी त्यांनी शक्य तेथे मूळ हस्तलिखितांचा आधार घेतला. मात्र त्यांचा भर शब्दांवर होता. चालींचे व्यापक संकलन बर्ट्रंड ब्रॉन्सन यांनी १९५९ ते १९७२ मध्ये चार खंडांत केले. शब्द लिहून चाल सोडून देणारे बाड अर्धेच गीत राखते, हे त्यावरून ध्यानी येते.

ही उणीव ईशान्य स्कॉटलंडमध्ये बऱ्याच अंशी भरून निघाली. शाळामास्तर गॅव्हिन ग्रेग व धर्मोपदेशक जेम्स डंकन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ३,००० हून अधिक गीतपाठ आणि तितक्याच विपुल चाली टिपल्या. त्यांत शेतमजुरांची गाणीही आली. बेल रॉबर्टसन या एकट्या बाईने जवळजवळ ४०० गीते सांगितली. ती स्वतः गात नसे. १९१४ मध्ये ग्रेग व १९१७ मध्ये डंकन मृत्यू पावले. त्यांच्या संग्रहातून निवडलेला कथागीतांचा ग्रंथ १९२५ मध्ये निघाला; त्याच्या शीर्षकात 'अखेरची पाने' असा शब्दप्रयोग होता. संपूर्ण संग्रह अ‍ॅबर्डीन विद्यापीठात सुरक्षित राहिला आणि १९८१ ते २००२ या काळात आठ खंडांत प्रसिद्ध झाला. पाने मात्र अखेरची ठरली नाहीत. १९५१ मध्ये एडिंबरो विद्यापीठात स्कॉटिश अभ्यासाचे केंद्र स्थापन झाले, आणि १९५३ मध्ये हेमिश हेंडरसन यांना अ‍ॅबर्डीन शहरात भटक्या समाजातील जीनी रॉबर्टसन ही थोर गायिका आढळली. तिची गीते ध्वनिफितीवर घेतली गेली.

या इतिहासावरून जतनाचे काही नियम निघतात. बाडातील पानांचा मूळ क्रम मोडू नये. खोडलेले शब्द, समासातील टिपा, सोबतची पत्रे व चिठ्ठ्या वेगळ्या काढू नयेत. कोणी, कोठे, केव्हा व कोणत्या चालीवर गाइले याची नोंद गीताइतकीच मोलाची मानावी. हे नियम आपल्याकडेही लागू आहेत. ऑकवर्थ व शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये मराठी पोवाडे छापले आणि १८९४ मध्ये ऑकवर्थने त्यांतील काहींचा इंग्रजी अनुवाद 'बॅलड' या नावानेच प्रसिद्ध केला. असा कोणताही छापील पोवाडा अभ्यासास घेताना, तो कोणत्या शाहिराच्या तोंडचा व कोणत्या कागदावरून आला, हा प्रश्न विद्यार्थ्याने प्रथम विचारावा. कागद हरवला तर त्याचे उत्तर ग्रंथाच्या कितीही आवृत्त्या निघाल्या तरी मिळणार नाही.