घड्याळावर घड्याळाची नजर

लखनौच्या हुसैनाबादचे घंटाघर सुमारे २२० फूट उंच आहे. १९८४ साली बंद पडलेले तिथले घड्याळ २०११ मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा चालू झाले. मधल्या २७ वर्षांत त्याने कोणाला फसवले नसेल, कारण बंद घड्याळ चटकन ओळखू येते. फसवते ते किंचित चुकणारे घड्याळ!

घरातल्या कॉम्प्युटरलाही हीच भीती असते. त्याच्या पोटात एक नव्हे, अनेक घड्याळे असतात. एक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकावर चालते. कॉम्प्युटर बंद असला तरी बटणाएवढ्या सेलवर ते जागे राहते. दुसरे प्रोसेसरमधले. ते अतिशय सूक्ष्म वेळ मोजते. पण जुन्या प्रोसेसरांत वीज वाचवण्यासाठी वेग कमी झाला की तेही मंदावत असे.

मग भरवसा कोणावर ठेवायचा? हा निवाडा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल करतो. लिनक्सचा कर्नल संशयास्पद घड्याळ दर अर्ध्या सेकंदाला दुसऱ्या घड्याळाशी ताडून पाहतो. फरक मर्यादेबाहेर गेला, की पहिल्याला बाजूला सारून दुसऱ्यावर काम चालवतो.

एवढी दक्षता कशासाठी? कॉम्प्युटरची तारीख बरीच चुकली, तर बँकेची खरी वेबसाइटही ब्राउझर उघडू देत नाही. तिच्या सुरक्षा-प्रमाणपत्राची मुदत त्याला चुकीची वाटते. तेव्हा कॉम्प्युटर सुरू करताना रोज जुनीच तारीख दिसू लागली, तर घाबरून जाऊ नये. आधी तो बटणाएवढा सेल बदलून पाहावा.